डी४ खेळायला शिकताय? मग या चुका टाळा

बुद्धिबळात ई४ (राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) खेळून दोन-चार डाव लवकर हरले की बरेच नवशिके वजिराच्या प्याद्याकडे, म्हणजे डी४कडे वळतात (पटाचे उभे स्तंभ ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८). का, विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सर, डी४ सेफ असतं आणि थिअरीपण कमी." (थिअरी म्हणजे आधीच अभ्यासून ठरलेल्या चाली.) दोन्ही अर्धसत्यं. डी४वर आलेल्या प्याद्याला पहिल्यापासून वजिराचा जोर असतो, ई४वरच्याला तो नसतो, एवढं खरं. त्यामुळे डाव जरा सावकाश पेटतो. पण पेटतो नक्की, आणि तोवर तुम्ही समोरच्याकडे न बघता पाठ केलेल्या चाली मारत बसलात तर आधी तुमचेच हात भाजतात.

लंडन डोळे मिटून खेळणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

लंडन सिस्टिम म्हणजे डी४, उंट एफ४, ई३, सी३, घोडा एफ३, उंट डी३, घोडा डी२. १९२२च्या लंडन स्पर्धेवरून हे नाव पडलं. ओपनिंगमध्ये (डावाच्या सुरुवातीच्या मांडणीत) खोट काहीच नाही. २०२३च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सहाव्या डावात डिंग लिरेनने नेपोम्नियाचीला याच मांडणीने हरवलं. पुढच्या वर्षी सिंगापूरला गुकेशविरुद्धही त्याने सहाव्या डावात लंडनच काढली, पण तो डाव गुकेशने बरोबरीत सोडवला. खोट आहे ती "समोरचा काहीही खेळो, आपल्या सात चाली त्याच" असं सांगणाऱ्या दहा मिनिटांच्या व्हिडिओंमध्ये.

पुण्यातल्या एका रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धेतली गोष्ट. आमचा एक विद्यार्थी, लंडनचा भक्त, पांढरी मोहरी. त्याने डी४ केलं, समोरच्या छोट्या मुलीने ताडकन ई५. हा एंग्लुंड गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊ करणं). खरं तर काळ्यासाठी वाईट ओपनिंग, पण व्हिडिओवाल्यांची लाडकी. यानं प्यादं खाल्लं. तिचा घोडा सी६, याचा घोडा एफ३, तिचा वजीर ई७. मग उंट एफ४. इथवर सगळं ठीक, उंट हक्काच्या जागी आल्यामुळे स्वारी खूश. वजीर बी४वरून शह, उंट डी२, वजिराने बी२चं प्यादं खाल्लं. आता यानं काय करावं? उंट सी३! वजिरावर मारा, वजीर आता कुठे जाणार, अशा थाटात घड्याळ दाबलं. तिने शांतपणे उंट बी४ला आणला. याचा वजीर डी२, तिने सी३चा उंट खाल्ला, याने वजिराने तो उंट खाल्ला, आणि तिचा वजीर सी१वर. मात. आठव्या चालीला.

बाहेर आईने अजून डबाही उघडला नव्हता. वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, याच्यावरचा उलटा ट्रॅप शिकवा ना त्याला." मला राग आला तो डावाचा नव्हे, या वाक्याचा. उलटा ट्रॅप लागतच नाही. सहाव्या चालीला उंटाऐवजी घोडा सी३ला काढला असता तर पांढरा सरळ वरचढ होता. त्यासाठी "माझ्या चालीनंतर ती काय करेल" एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. सात चाली पाठ असलेल्या मुलाला तो प्रश्न विचारायची सवयच राहत नाही.

लंडनमध्ये आणखी तीन ठिकाणी हाच आंधळेपणा नडतो. उंट सी१वरून निघाला की बी२ उघडं पडतं, आणि काळा सी५ करून वजीर बी६ला आणतो. तेव्हा आधी त्या प्याद्याकडे बघा, मग आपल्या मांडणीकडे. काळ्याने जी६ करून उंट जी७ला ठेवला, डी६ केलं, तर तुमचा उंट डी३ऐवजी ई२ला बरा. नाहीतर काळा ई५ आणि मग ई४ रेटून एफ३चा घोडा आणि डी३चा उंट एकाच प्याद्याने धरतो. आणि घोडा एच५ला येऊन एफ४चा उंट मारणार असं दिसत असेल, तर वेळेवर एच३ करा, म्हणजे उंटाला एच२ला पळायला घर राहतं.

माझ्या वर्गात नियम आहे: सरावाच्या डावात समोरच्याची चाल झाली की मोहऱ्याला हात लावायच्या आधी त्या चालीचा हेतू मोठ्याने सांगायचा. सुरुवातीला मुलं कंटाळतात, पालक तर त्याहून. स्पर्धेत बोलता येत नाही आणि स्कोअरशीटवर असलं काही लिहिणंही नियमात बसत नाही, म्हणून सवय घरीच लावून घ्यावी लागते.

सी४च्या प्याद्याचा लोभ

डी४ डी५ सी४, म्हणजे क्वीन्स गॅम्बिट. काळ्याने प्यादं खाल्लं की पांढऱ्याची घाबरगुंडी उडते आणि वजीर ए४वर येऊन शह देतो. चालतं, पण वजीर उगाच लवकर बाहेर पडतो. ई३ करा, उंटाने प्यादं परत घ्या, विषय संपला.

उलट बाजूने काळ्याचा लोभ जास्त महाग पडतो. ई३नंतर बी५ करून प्यादं राखायला गेलात की ए४, मग सी६, प्याद्याने बी५ खाल्लं, तुम्ही सी६च्या प्याद्याने परत घेतलं, आणि वजीर एफ३! कोपऱ्यातला हत्ती थेट माऱ्यात. एक मोहरं गेलंच. खाल्लेलं प्यादं परत द्यायचंच असतं. त्या वेळात सी५ करून मध्य फोडा.

पिनवर आंधळा विश्वास

क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमध्ये (काळा सी४चं प्यादं खात नाही तेव्हा) पांढऱ्याचा उंट जी५ला, काळ्याचा घोडा एफ६ला आणि दुसरा डी७ला. डी५वर मारामारी झाल्यावर पांढऱ्याला वाटतं, एफ६चा घोडा मागच्या वजिरामुळे हलू शकत नाही (यालाच पिन म्हणतात), मग डी५चं प्यादं फुकट. घोड्याने ते खाल्लं की काळा बिनधास्त त्याच घोड्याने डी५ घेतो. तुम्ही वजीर खाता, त्याचा उंट बी४वरून शह देतो, आणि तुमच्याकडे वजीर मध्ये घालण्याशिवाय काही उरत नाही. हिशेब झाल्यावर एक मोहरं कमी. याला एलिफंट ट्रॅप म्हणतात, शालेय स्पर्धांत आजही बळी मिळतात.

काही चुका एकेका ओळीत उरकतो. सी४ करायचं असेल तर त्याआधी घोडा सी३ला नेऊन स्वतःचंच प्यादं कोंडू नका. काळ्यानेही क्वीन्स गॅम्बिटमध्ये घोडा सी६ला घाईने नेऊ नये, तिथं सी५ हवं असतं. सी८चा उंट बाहेर काढायचाय तर ई६च्या आधी काढा, पण बी७ सांभाळून. उंटाने एच७वर बळी देण्याआधी घोडा जी५ला आणि वजीर एच५ला पोहोचतो का ते मोजा. काळ्याचा घोडा एफ६वर असेल तर खाज आवरा.

दर महिन्याला नवी ओपनिंग

१९२७ साली ब्युनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखाइन जगज्जेतेपदासाठी ३४ डाव खेळले. त्यातले ३२ क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड. आणि आमच्याकडचं पोरगं दोन डाव हरलं की म्हणतं, "सर, आता कॅटलान बघू या?"

अडचण ओपनिंगची नसते, बाराव्या चालीनंतर काय करायचं हे माहीत नसतं. डी५वर प्यादी बदलून झाली आणि काळ्याची सी६-डी५ अशी रचना उरली की पांढऱ्याने बी४, मग बी५ रेटायचं. दोन प्यादी तीन प्याद्यांवर घालायची, म्हणजे काळ्याचं सी६ कमकुवत पडतं. मायनॉरिटी अटॅक म्हणतात तो हाच. काळा तेवढ्यात घोडा ई४ला रोवून राजाच्या बाजूने चढाई करतो. कोण आधी पोहोचतो यावर अख्खा डाव.

हे शिकवायला मी पटावरची सगळी मोहरी काढून टाकतो. फक्त प्यादी आणि राजे ठेवतो आणि विचारतो, "तुझं कुठलं प्यादं पुढं जाणार, आणि कशासाठी?" त्याचं उत्तर आलं की एकेक मोहरं परत ठेवायचं आणि दरवेळी तेच विचारायचं. दहा-पंधरा मिनिटं लागतात, मुलं जांभया देतात, देऊ द्या. इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) त्या दिवशी लावायचं नाही. मी दुसऱ्या दिवशी लावतो, तेही मुलाने स्वतःची योजना वहीत लिहून आणली असेल तरच.