मरीन टँकसाठी मासा घेताय? आधी हे विचारा, रीफ वाचेल

रीफवरचे, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळावरचे, मासे पकडून घरात ठेवावेत की नाही यावर लोक तावातावाने भांडतात, पण मला विचाराल तर सरसकट हो किंवा नाही म्हणून काही होत नाही, कुठली जात, कुठून आली आणि कशी पकडली हे बघून ठरवायचं. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे फार्मवरचे असतात, खाऱ्या पाण्यातल्या बहुतेक जाती मात्र अजूनही समुद्रातूनच येतात, म्हणून इथे घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावे लागतात.

आधी ब्रीड केलेला, म्हणजे टँकमध्येच पैदास झालेला, मिळतो का बघा. क्लाउनफिश सहज मिळतात, ते समुद्रातले घ्यायचं कारणच नाही. बांगाई कार्डिनल तर ब्रीड केलेलाच घ्या, प्लीज. हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या आसपासचाच, नर तोंडात अंडी सांभाळतो आणि पिल्लं इतर माशांसारखी प्रवाहाबरोबर लांब जात नाहीत, त्यामुळे एका जागेवरचे मासे उचलून नेले की बाहेरून येऊन ती जागा भरत नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने 2007 मध्येच त्याला धोक्यातल्या यादीत टाकलंय. यलो टँग हा पिवळाधमक मासासुद्धा 2015 पासून ब्रीड व्हायला लागलाय, महाग पडतो, पण पेलेट (दाणेदार कोरडं खाद्य) पटकन खातो.

मग काही जाती घ्यायच्याच नाहीत. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा क्लीनर रास (wrasse) टँकमध्ये फारसा टिकत नाही, फक्त कोरलचे पॉलिप खाणारे बटरफ्लायफिश उपाशी मरतात, आणि मँडरिन मासा दिवसभर कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, टिपत फिरतो त्यामुळे नव्या टँकमध्ये त्याचं पोट भरत नाही. मेला की त्याच्या जागी दुसरा आणला जातो, म्हणजे रीफवरून अजून एक कमी.

वाइल्ड, म्हणजे समुद्रातून पकडलेला, म्हणजे वाईटच असं नाही हां. हवाईच्या पश्चिम किनाऱ्यावर 1998 मध्ये कायदा झाला आणि पुढच्या वर्षी जवळपास एक तृतीयांश किनारा मासे पकडायला बंद केला, तिथे यलो टँग खरंच वाढले. तरी वाद मिटला नाही, 2017 मध्ये कोर्टाने मासे पकडायचे परवाने देण्याआधी पर्यावरणाचा अभ्यास करा म्हटलं. मला तरी पूर्ण बंदीपेक्षा मर्यादा घालणं पटतं, कारण हातजाळीने पकडणाऱ्याचं पोट रीफ जिवंत असण्यावरच चालतं, त्याला हाकललं तर रीफकडे लक्ष ठेवणारा एक माणूस गेला.

सायनाइडला मात्र माफी नाही. 1960 च्या दशकात फिलिपिन्समध्ये सुरू झालेला प्रकार, पुढे इंडोनेशियातही पसरला, बाटलीतून विष फवारायचं, मासा गुंगला की उचलायचा, आजूबाजूचं कोरल मरतं ते मरतंच. समुद्र तापल्याने रीफचं याहून मोठं नुकसान होतंय हे खरंय, म्हणून हे चालवून घ्यायचं का? असा मासा दुकानात ठणठणीत दिसू शकतो आणि नंतर मरतो, नुसतं बघून कळत नाही. म्हणून देश कुठला, जाळीने पकडलाय का, हे विचारा, उत्तर टाळलं तर निघा तिथून. समोर खायला घालायला सांगा. आवडला तर थोडा ॲडव्हान्स देऊन दोनेक आठवडे दुकानातच राहू द्या, तेव्हाही नीट खात असला तर घरी आणा, आणि क्वारंटाइन टँक (नवा मासा आधी वेगळा ठेवायचा टँक) त्याच्या आधीच चालू करून ठेवा.