कोल्हापुरात गाडीचा रंग टिकवायचाय? या चुका टाळा

साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की सकाळी गाडीच्या टपावर काळे कण दिसायला लागतात. काही कण चिमणीतून आलेल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, राखेचे, तर काही शिवारात पाचट पेटवल्यावर उडालेल्या काजळीचे. रात्रीच्या दवात ते चिकटून बसतात. कामावर जायची घाई असते, म्हणून आपण दारातल्या खणातलं फडकं काढतो आणि काच पुसता पुसता बॉनेटवरनंही एक हात फिरवतो. माझ्या मते गाडीच्या रंगाचं सगळ्यात जास्त वाटोळं या दोन मिनिटांत होतं.

बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूत असते तीच. रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. वहीच्या एका पानापेक्षाही पातळ. कोरडं फडकं फिरवलं की राखेचा प्रत्येक कण त्यावर बारीक ओरखडा काढतो. सावलीत काही कळत नाही. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या याच. पिसांचा किंवा धाग्यांचा डस्टरही तेच करतो, फक्त हळूहळू.

घाईच असेल तर काचा आणि आरसे तेवढे ओल्या फडक्यानं पुसा आणि निघा. रंगाला हात लावू नका. काळी दिसली तरी चालेल, संध्याकाळी पाणी मारून धुता येते.

गुलालाची गाडी

जोतिबाच्या खेट्यांना किंवा चैत्र यात्रेला जाऊन आलेली गाडी गुलालानं माखलेली असते, आणि असायलाच हवी. पण घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसायला घेतली की गुलालातला रंग पाण्यात सुटतो आणि रबर, काळं प्लास्टिक, नंबरप्लेटची कड असं सगळं गुलाबी होऊन बसतं. पांढरी गाडी असेल तर हे डाग महिनोन् महिने दिसतात.

आधी कोरडा गुलाल उडवून टाका. पंक्चरवाल्याकडे हवेची नळी असते, तिनं दारांच्या फटी, डिकीची कड आणि वायपरखालची जाळी साफ करून घ्या. त्या जाळीत गुलाल राहिला तर पहिल्या पावसात तो बॉनेटवर ओघळतो, शिवाय एसीच्या हवेबरोबर आतही येतो. मग पाइपनं वरून खाली भरपूर पाणी सोडा. खाली पडणारं पाणी गुलाबी यायचं थांबेपर्यंत फडकं, स्पंज काही लावायचं नाही. त्यानंतर शाम्पू.

खंडेनवमी-दसऱ्याला लावलेलं हळद-कुंकू आणि तेलही दुसऱ्या दिवशीच धुवा. झेंडूचं तोरण तारेनं बांधू नका, सुतळी वापरा. वाऱ्यानं तार हलत राहते आणि ग्रिलच्या कडेचा रंग खरवडते.

धुताना

भांडी घासायचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर वापरू नका. तेलकटपणा काढणं हेच त्यांचं काम, त्यामुळं मेहनतीनं लावलेलं वॅक्सही त्यांच्याबरोबर जातं. गाडीचा शाम्पू घ्या. बादल्या दोन ठेवा, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. हातातला मायक्रोफायबरचा मोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. टपापासून सुरुवात करून खाली या. दारांच्या खालच्या कडा सगळ्यात शेवटी, आणि चाकांसाठी फडकं वेगळंच. पावसाळ्यात गगनबावडा किंवा राधानगरीकडून आलेल्या गाडीच्या खालच्या पत्र्यावर तांबड्या मातीचे थर असतात. प्रेशरचं पाणी मारून ते पूर्ण सुटू द्या. नोझल फूटभर तरी लांब धरा, नाहीतर रंगाची उडालेली टवकी आणखी मोठी होईल.

उन्हात तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि वॅक्स दोन्ही वाळून डाग पडतात. हाताची मागची बाजू बॉनेटला लावून बघा. गरम लागलं तर थांबा.

धुऊनही अडचण उरली तर

पांढरे गोल ठिपके: हे बोअरच्या जड पाण्याचे क्षार. बोअरच्या पाण्यानं धुतलेली गाडी कधीच आपोआप वाळू देऊ नका, लगेच टिपून घ्या. पडलेल्या ठिपक्यांसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात भिजवलेलं फडकं मिनिटभर दाबून धरा आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवा. तेवढ्या जागेवरचं वॅक्स जातं, ते पुन्हा लावा. तरीही ठिपका दिसला तर तो क्लिअर कोटमध्ये उतरलाय, तिथं पॉलिशच करावं लागेल.

नारिंगी बारीक ठिपके: शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्रीशेजारी रोज गाडी लावणाऱ्यांना हे ठाऊक असेल. हवेतले लोखंडाचे कण रंगात रुततात आणि गंजतात. नखानं खरवडू नका. आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण सोडवणारा द्रव, मारला की ते कण जांभळे होऊन सुटतात. तो वाळायच्या आत धुऊन टाका.

धुतलेला पत्राही खरखरीत: हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून पत्र्यावरून फिरवा, हातानं कळणार नाही ती खरखर पिशवीतून कळते. क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, लावा, पण शाम्पूच्या पाण्यानं पत्रा सतत ओला ठेवून. क्ले खाली पडला तर तो तुकडा टाकून द्या.

ओरखडा: नख आडवं फिरवा. नख अडकलं तर रबिंग करून काही मिळणार नाही, टचअप लागेल. अरुंद रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला घासून गेलात तर पानांचे ओरखडे बहुतेक वरवरचे असतात, ते पॉलिशनं जातात.

पॉलिश आणि वॅक्स एकच समजणारे पुष्कळ भेटतात. पॉलिश क्लिअर कोट थोडा झिजवून रेघा काढतं, म्हणून ते वारंवार करू नये. वॅक्स वर बसून राखण करतं. ते पातळच लावायचं, एका वेळी एकच पत्रा. जाड थर दिला तर पुसताना नुसते पट्टे उठतात. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरं पडतं. कार्नोबा, म्हणजे झाडापासून मिळणारं वॅक्स महिना-दोन महिने टिकतं, सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम थर, त्याहून जास्त. रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनी सीलंटच घ्यावं असं मी सांगेन: एकदा मेअखेरीस पावसाच्या आधी आणि एकदा गाळप सुरू व्हायच्या आधी. सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीलाही कोरड्या फडक्यानं रेघा पडतातच, पैसे मोजण्याआधी हे लक्षात घ्या.

आणि डेंटिंग-पेंटिंग नुकतंच झालं असेल तर त्या पत्र्याला महिना-दोन महिने वॅक्स लावू नका. रंगातलं सॉल्व्हंट पूर्ण उडून जायला तेवढा वेळ लागतो. तोवर नुसतं पाणी आणि शाम्पू, आणि नेमके किती दिवस थांबायचं ते पेंटरला विचारा.