लोकसभेच्या रिंगणात परतताना: निवृत्त नेत्याने अर्जापूर्वी करावयाची तयारी

निवृत्ती जाहीर केलेला नेता पुन्हा लोकसभेला उभा राहायचे ठरवतो, तेव्हा गावोगावी चर्चा रंगते ती त्याच्या वयाची, प्रकृतीची आणि जुने कार्यकर्ते अजून सोबत आहेत का याची. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु अशा उमेदवाराची पहिली कसोटी अर्जांच्या छाननीत लागते, आणि नवख्या उमेदवारापेक्षा त्याच्या मागे जुने हिशेब, जुने खटले आणि जुनी सरकारी घरे अधिक असल्यामुळे त्याला तयारीलाही अधिक वेळ लागतो. म्हणून निवडणुकीची अधिसूचना निघण्याची वाट न पाहता दोन-तीन महिने आधीच कागदपत्रांना हात घालावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरुवात सरकारी निवासस्थानापासून करावी. अधिसूचनेच्या आधीच्या दहा वर्षांत उमेदवार सरकारने दिलेल्या घरात राहिला असेल, मग ते मंत्र्याचा बंगला असो वा खासदाराचे दिल्लीतील घर, तर नमुना 26 मधील प्रतिज्ञापत्रात त्याची नोंद करावी लागते आणि भाडे, वीज, पाणी व दूरध्वनी यांची थकबाकी नसल्याचे दाखले जोडावे लागतात. 2024 मध्ये पश्चिम बंगालमधील बीरभूम मतदारसंघात भाजपचे उमेदवार आणि माजी पोलीस अधिकारी देबाशिस धर यांचा अर्ज अशाच दाखल्याअभावी बाद झाला. पक्षाने दुसऱ्याचाही अर्ज भरून ठेवला होता, म्हणून तिथली लढत टिकली. घराचा ताबा एका खात्याकडे, वीज दुसऱ्याकडे आणि पाणी तिसऱ्याकडे, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी असल्याने प्रत्येक दाखल्यासाठी वेगळा अर्ज करावा आणि घर सोडताना मिळालेली ताबा पावती शोधून प्रत्येक अर्जाला जोडावी. एखादे जुने देयक निघालेच, तर वाद घालण्यात आठवडे घालवण्यापेक्षा ते भरून दाखला हाती घेणे शहाणपणाचे.

दुसरे काम जुन्या गुन्ह्यांचे. ज्याने आयुष्यभर मोर्चे काढले आणि रास्ता रोको केले, त्याच्या नावावर जमावबंदी मोडल्याचा एखादा खटला कुठल्यातरी तालुक्याच्या न्यायालयात पडून असण्याची शक्यता असते, आणि समन्स न मिळाल्याने तो त्याच्या गावीही नसतो. ज्या ज्या भागात आंदोलने केली, तेथील पोलीस ठाण्यांकडे लेखी विचारणा करावी, न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने शोध घ्यावा आणि गुन्हा क्रमांक, कलमे व सद्यःस्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर असे खटले उमेदवाराला वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर तीन वेळा जाहीर करावे लागतात. त्याआधी शेवटची निवडणूक लढवलेल्यांना ही तरतूद बहुधा नवीच असते, आणि मतदाराच्या दृष्टीने ती अतिशय योग्य आहे. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेली असेल, तर शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षे अपात्रता राहते. दोषसिद्धीला वरिष्ठ न्यायालयाची स्थगिती मिळाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

निवृत्तीनंतर एखादे लाभाचे पद, म्हणजे सरकारकडून आर्थिक लाभ देणारे पद, स्वीकारले असल्यास छाननीपूर्वी, शक्यतो अर्जापूर्वीच, त्याचा राजीनामा द्यावा. तमिळिसई सौंदरराजन यांनी मार्च 2024 मध्ये तेलंगणच्या राज्यपालपदाचा राजीनामा दिला आणि मगच त्या दक्षिण चेन्नईतून उभ्या राहिल्या.

मुले पुण्या-मुंबईत स्थायिक झाल्याने अनेक नेते आपले मतदार यादीतील नावही तिकडे नेतात. लोकसभेसाठी याची अडचण होत नाही, कारण देशातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार चालतो. मात्र यादीतील आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत द्यावी लागते. सूचक, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचे नाव सुचवणारा मतदार, मात्र ज्या मतदारसंघातून लढायचे तिथलाच हवा: मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक, अपक्षाला दहा. सूचक निवडताना जुन्या ओळखीवर विसंबू नये. 2024 मध्ये सुरतेत काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी सह्या आपल्या नाहीत असे सांगितल्याने अर्ज बाद झाला आणि शेवटी भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. त्यामुळे सह्या वकिलासमोर घ्याव्यात आणि चार अर्ज भरण्याची मुभा असल्याने प्रत्येकावर वेगळा सूचक ठेवावा.

प्रतिज्ञापत्रातील मालमत्तेचा तक्ता भरताना सातबारा आणि आठ-अ ताजे काढावेत, कारण मधल्या काळात वाटणी झाली, फेरफार नोंदले गेले आणि प्रत्यक्षात भावाकडे गेलेली जमीन कागदावर अजून आपल्याच नावे राहिली, असे घरोघरी घडते. माजी आमदार किंवा खासदार म्हणून मिळणारे निवृत्तिवेतन उत्पन्नाच्या स्रोतात दाखवावे. एकही रकाना कोरा सोडू नये. काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे.

अर्ज सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळेतच स्वीकारले जातात आणि पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्रही, अखेरच्या दिवशी 3 वाजण्यापूर्वी पोहोचावा लागतो. अर्ज दिल्यानंतर, पण छाननीच्या दिवसाच्या आधी, शपथ घ्यायची असते; गर्दीत आणि घोषणांत ती राहून जाते, म्हणून अर्ज देताच तिथेच घ्यावी. पर्यायी उमेदवाराचा अर्ज भरून ठेवण्यात कमीपणा मानू नये. 2024 मध्ये रामटेकमध्ये रश्मी बर्वे यांचा अर्ज जात वैधता प्रमाणपत्रावरून बाद झाला, तेव्हा त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचा अर्ज शिल्लक होता, आणि ते निवडूनही आले.

जुन्या अनुभवाचा सर्वांत मोठा धोका पैशाच्या बाबतीत असतो. 2009 मध्ये महाराष्ट्रात लोकसभेची खर्चमर्यादा 25 लाख रुपये आणि अनामत 10 हजार होती. 2024 च्या निवडणुकीत ती मर्यादा महाराष्ट्रात 95 लाख, गोव्यात 75 लाख आणि अनामत 25 हजार होती, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी तिच्या निम्मी. अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे आणि रोजचा खर्च त्याच दिवशी नोंदवणारा एक विश्वासू माणूस नेमावा, ज्याच्यावर प्रचाराची दुसरी कोणतीही जबाबदारी नसेल. निकाल लागल्यापासून 30 दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावा लागतो, मग उमेदवार जिंकलेला असो वा हरलेला. समर्पक कारणाशिवाय तो न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.