एएची पहिली मीटिंग कशी शोधायची आणि आत कसं शिरायचं

मी डॉक्टर नाही, मी पिणारा होतो. गटारीला गळ्यापर्यंत पिऊन श्रावण एकदम कडक पाळायचो, मग गणपती घरात म्हणून अजून दहा दिवस, आणि विसर्जनाच्या रात्री सगळं वसूल. जवळजवळ दीड महिना प्यायलो नाही म्हणजे आपला कंट्रोल आहे, हे वर्षानुवर्षं स्वतःलाच सांगत होतो. तुमचंही असंच चालू असेल तर पुढे वाचा.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेले ग्रुप. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलून बोलून न पिता राहायला लागले, तिथून हे सुरू झालं. आज आपल्याकडे मुंबई-पुण्यातच नाही तर जिल्ह्याच्या नि बऱ्याच तालुक्याच्या गावातही ग्रुप आहेत, मराठीतून चालणारे. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा आहे एवढीच अट, आणि ती इच्छा अर्धीमुर्धी असली तरी चालते, माझी तर तेवढीपण नव्हती.

पण त्याआधी एक गोष्ट, ही वगळू नका. रोज भरपूर पीत असाल, सकाळी हात थरथरतात, घोट घेतल्यावरच थांबतात, तर मीटिंगला जायचं म्हणून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरला खरं किती पितो ते सांगा (निम्मं करून सांगू नका, आपल्याला ती सवय असते). सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फुकट आहे, तिथे विचारा. अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, इतर शहरांतही केंद्रं आहेत. आणि एसटी स्टँडवर 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात असते ना, ती पावडर घरच्यांनी आणू नये. त्यात काय असतं कोणाला माहीत, आणि वर माणूस पीत असला तर भलतंच व्हायचं.

आता शोधायचं कसं. नेटवर एए इंडिया टाका, साइटवर शहराप्रमाणे मीटिंग आणि हेल्पलाइन मिळते. यादी बघून थेट निघू नका, फोन करा, कारण शाळेला सुट्टी लागली, हॉल लग्नाला गेला की जागा बदलते, मी एकदा कुलूप बघून परत आलो आणि परत आलो म्हणजे कुठे आलो ते तुम्हाला कळलंच असेल. फोन उचलणारा बहुतेक स्वतःच पिणं सोडलेला असतो, त्यामुळे लाज वाटून घ्यायचं काम नाही. त्याला एवढंच विचारा: आज जवळ कुठे आहे, मराठीत आहे का, ओपन की क्लोज्ड. क्लोज्ड म्हणजे फक्त पिण्याचा प्रॉब्लेम असलेल्यांसाठी, ओपनला बायको, भाऊ, कोणीही येऊ शकतं. बाई असाल तर महिलांची वेगळी मीटिंग आहे का तेही विचारा. गावात ओळखीचे भेटतील अशी भीती असेल तर शेजारच्या गावातल्या मीटिंगला जा, बरेच जण तसंच करतात, नाहीतर ऑनलाइन आहेच. परदेशात असाल तरी मराठीतून बोलायला ऑनलाइनच सोपं पडतं.

पत्ता बहुतेक शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, समाजमंदिर असा असतो. मोठा बोर्ड शोधू नका, मीटिंगपुरता छोटा बॅनर लावतात. मी शाळेला दोन चकरा मारल्या, पानाच्या टपरीवर उभा राहिलो, शेवटी एक काका आले नि म्हणाले, "मीटिंगला ना? चला, मी पण." तिसरीच्या पोरांच्या बाकावर बसलो, गुडघे मावत नव्हते.

आत काय होतं? प्रार्थना, थोडं वाचन, मग एकेक जण पुढे येऊन "मी अमुक, मी अल्कोहोलिक" म्हणून आपलं सांगतो, त्याला शेअरिंग म्हणतात. मधे कोणी बोलत नाही, उपदेश नाही. तुम्ही नुसतं "आज ऐकायला आलोय" म्हणा, बास. पैशाची पिशवी फिरते, नवीन माणसाने नाही टाकलं तरी कोणी बघत नाही. देव वगैरे शब्द ऐकून उठू नका, नास्तिक पण बसलेले असतात. पहिला ग्रुप नाही जमला तर दुसरा बघा, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे ग्रुप आहेत, मुक्तांगणमध्ये पिणाऱ्यांच्या बायकांचा सहचरी गट आहे. तुम्ही गेला नाहीत तरी त्यांना जाता येतं, त्यांना सांगा.

मीटिंग संपली की सटकू नका, चहा होतो. तिथे दोन जणांचे नंबर घ्या, आणि त्याच रात्री एकाला उगाच फोन करून बघा, म्हणजे विसर्जनाच्या रात्री बोट अडखळणार नाही.