रात्री ती पाय कुठे ठेवते?

चित्रं-कथांसाठी मी स्वतः कल्पिलेलं पहिलं पात्र म्हणजे एक धनुर्धारी मुलगी. डावा पाय गुडघ्याखाली नाही, त्या जागी चांदीचा, वेलबुट्टी कोरलेला कृत्रिम पाय. तीन पानांची रेफरन्स शीट, म्हणजे पात्र कसं दिसतं ते नीट दाखवणारी चित्रं, केली आणि कृत्रिम पाय वापरणाऱ्या माझ्या ओळखीतल्या एका ताईंना दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली आणि एवढंच विचारलं, "रात्री झोपताना ही पाय कुठे काढून ठेवते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पाय सजवला होता, पण तो पाय घेऊन जगणाऱ्या माणसाचा एक दिवसही डोळ्यांपुढे आणला नव्हता. दुसऱ्या पानावर तो डाव्याचा उजवा झाला होता, हेही ताईंनीच दाखवलं.

नव्याने पात्रं घडवायला बसलेल्यांना मी म्हणूनच सांगतो, रंग-कपडे ठरवण्याआधी पात्राचा एक साधा दिवस लिहून काढा. ताईंकडून मला कळलं की उरलेल्या पायाचा आकार दिवसभर एकसारखा राहत नाही. सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, सैल वाटू लागलं की ताई मोज्यांचे थर वाढवतात. घाम आला की कातडी घासते. रात्री पाणी प्यायला उठायचं तर कोणी पाय चढवत बसत नाही, हाताशी कुबडी लागते. हे ऐकल्यावर पात्र आपोआप बदललं. भात्याला कुबडी बांधली गेली, कमरेच्या पिशवीत लोकरी मोजे आले, सॉकेटच्या पट्ट्याला वापरून पडलेल्या सुरकुत्या आल्या. वेलबुट्टी ठेवली, कारण सुंदर वस्तू वापरायचा तिलाही हक्क आहे. पण आता ती वेलबुट्टी रोज हात लागून झिजलेली आहे.

"जुन्या काळासारख्या जगात हे कसं बसणार?" असं तुम्हाला कोणीतरी विचारेल. खुशाल इतिहास सांगा. लाकूड आणि चामड्याचा इजिप्तमधला कृत्रिम अंगठा 2,500 वर्षांहून जुना आहे. गॉट्झ फॉन बर्लिशिंगन या जर्मन सरदाराचा हात 1504 मध्ये लढाईत गेला. पुढे त्याच्याकडे लोखंडी हात होता आणि त्याची बोटं वाकवून जागच्या जागी अडकवता येत. 1655 च्या सुमारास श्टेफान फार्फ्लर या घड्याळजीने हाताने दांडा फिरवून चालवायची तीनचाकी खुर्ची स्वतःसाठीच बनवली. तो चालू शकत नव्हता आणि दातेरी चाकं हा त्याचा रोजचा धंदा होता. अशा माणसाचं एक अख्खं काल्पनिक नगर उभं करता येईल! ड्रॅगन चालतो आणि चाकाची खुर्ची खटकते, तेव्हा अडचण कल्पनेच्या जगात नसते.

जादूचा प्रश्न मात्र खरा आहे. तुमच्या जगात जखमा भरणारी जादू असेल तर ती काय करू शकत नाही आणि कोणापर्यंत पोहोचत नाही, हे आधी ठरवा. शेवटच्या प्रकरणात बक्षीस म्हणून पात्राला 'बरं' करू नका. ते वाचणारा अपंग वाचक पुस्तक मिटल्यावर त्याच शरीरात उरतो, आणि कथेने त्याला नुकतंच सांगितलेलं असतं की सुखी शेवट त्या शरीरासाठी नाही.

खलनायकाला पांढरे केस आणि लालभडक डोळे देण्याची सवयही सोडा. अल्बिनिझम, म्हणजे शरीरात जन्मतः रंगद्रव्य फार कमी, असलेल्यांचे डोळे बहुधा निळसर, करडे किंवा तपकिरी असतात. नजर सहसा अधू असते, प्रखर उजेड सोसत नाही, बुबुळं आपोआप हलत राहतात. काही जण नीट दिसावं म्हणून मान एका ठरावीक कोनात कलती ठेवतात. पात्र उभं कसं राहील, हे ठरवायला ती मान किती उपयोगी आहे पाहा.

मी स्वतः गे आहे, म्हणून क्विअर (गे, लेस्बियन, ट्रान्स वगैरे) पात्रांत तरी चुकणार नाही असं वाटायचं. तरी माझ्या पहिल्या जादूगाराच्या कमरेला मी इंद्रधनुषी शेला गुंडाळलाच. इंद्रधनुष्याचे रंग म्हणजे क्विअर लोकांचा झेंडा. तो गिल्बर्ट बेकर यांनी 1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आठ रंगांत घडवला. त्यामागे एका शहरातला, एका काळातला लढा आहे. माझ्या जादूगाराच्या जगात तो लढा झालाच नव्हता. मग तिथले लोक एकमेकांना कसे ओळखतात? त्याच्या अंगठीवर कोणाची मुद्रा आहे? युद्धावरून तो पत्र कोणाला लिहितो? उत्तरं सापडली आणि शेला गळून पडला.

पात्र नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारं, असेल तर मराठीत लिहिताना क्रियापद आडवं येतं. 'मी येतो' किंवा 'मी येते' म्हटलं की लिंग उघड झालंच. पण 'मी दार उघडलं' यात क्रियापद दारामागे जातं, बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. 'मला भूक लागली', 'माझ्याकडून राहून गेलं' हेही तसंच. मी एका पात्राचे सगळे संवाद याच रचनांत लिहिले. सुरुवातीला फार अडखळायला झालं, पण हळूहळू त्या पात्राची स्वतःची बोलण्याची लकब तयार झाली. इतरांच्या तोंडी आदरार्थी 'ते' चालतं. अर्थात हे माझ्या पात्रापुरतं. काही नॉन-बायनरी माणसं स्वतःबद्दल आनंदाने 'आलो' म्हणतात, काही 'आले'. विचारूनच लिहावं. अपंग, दिव्यांग या शब्दांचंही तेच.

विचारताना समोरच्याच्या वेळेची किंमत ठेवा. पैसे देणं शक्य असेल तर द्या, श्रेय तर द्याच. आणि चित्र पूर्ण झाल्यावर नको, कच्ची रेघ असतानाच दाखवा, म्हणजे बदल करताना जीव तुटत नाही.

सध्या मी एका दीपगृहाच्या राखणदारणीवर काम करतोय. ती बहिरी आहे, तिची प्रेयसी नावाडी आहे, दोघी खुणांच्या भाषेत बोलतात. हात स्पष्ट दिसावेत म्हणून तिचा अंगरखा त्वचेच्या रंगाहून अगदी वेगळा, गडद आणि बिनबुट्टीचा ठेवलाय. दिवा विझतो त्या रात्रीचं चित्र अजून व्हायचंय. अंधारात त्या एकमेकींच्या हातांवर हात ठेवून बोलतील, आणि ती बोटं मला अजून जमलेली नाहीत.