आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी प्रकल्पाची नोंदणी करताय? या चुका टाळा

पुण्यात दर काही महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतो. "ताई, आमचा प्रकल्प आता मोठा झालाय. ट्रस्ट करू की सेक्शन आठ, म्हणजे ना-नफा कंपनी?" प्रकल्प खरोखर चांगले असतात. कोणी शाळांसाठी मुक्त परवान्यातलं साहित्य तयार करतं, कोणी नकाशे, कोणी फाँट, कोणी स्क्रीन रीडरचा (अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) मराठी उच्चार सुधारतं. माणसं पुणे, काठमांडू, बर्लिन, न्यू जर्सी अशी विखुरलेली, आणि पगार एकालाही नाही. अशा माणसांनी रात्री जागून उभं केलेलं काम कागदपत्रांपायी ठप्प झालं की फार वाईट वाटतं. त्यातून चुका त्याच त्याच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे. मी वकील किंवा सीए नाही. अशा गटांची दप्तरं सांभाळत आले आहे, आणि त्यातून जे दिसलं तेच इथे आहे.

पैसा कुठून येणार हे न बघता संस्था काढणं

माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी चूक. ट्रस्ट, सोसायटी की कंपनी, यावर लोक तासन् तास वाद घालतात. देणगी कोण देणार, त्याचा पासपोर्ट कुठला आणि खर्च कोणत्या देशात होणार, हे मात्र कोणी विचारत नाही. आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे. परदेशी योगदान नियमन कायदा, २०१०, म्हणजे आपण ज्याला एफसीआरए म्हणतो तो, तुमची संस्था कोणत्या प्रकारची आहे हे बघत नाही. त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी (ठरावीक देणगीपुरती मिळणारी) नसताना परदेशी देणगी घेतली की उल्लंघन झालंच. ट्रस्ट असो, कंपनी असो, की तुमच्या गटातल्या एकाच्या बचत खात्यावर प्रकल्पासाठी आलेली रक्कम असो.

कोथरूडमधल्या एका गटाची गोष्ट सांगते. मुलांसाठी विज्ञानाचं साहित्य भारतीय भाषांत आणायचं त्यांचं काम. ट्रस्ट रीतसर केलेला, हिशेब स्वच्छ. "आपण परदेशातून डॉलर घेतच नाही" याची त्यांना खात्री होती. गटातल्या एका मुलीच्या मामांनी सर्व्हरच्या खर्चासाठी मोठी रक्कम दिली. मामा न्यू जर्सीला. कर्वेनगरच्या त्यांच्या फ्लॅटचं भाडं पुण्यातल्याच बँकेत एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं रुपयांतलं खातं) जमा होतं, त्या खात्यातून दिली. म्हणजे रुपये, पुण्यातली शाखा, अस्सल मराठी आडनाव. खजिनदाराने पावती फाडली आणि पैसे खर्चही झाले. वर्षअखेरीला ऑडिटच्या वेळी सीएंनी विचारलं, "यांचं नागरिकत्व कुठलं?" मामा बऱ्याच वर्षांपूर्वी अमेरिकेचे नागरिक झालेले, हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते). कायद्याच्या नजरेत ही सरळसरळ परदेशी देणगी.

हाच मामा भारतीय पासपोर्टवर असता आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे दिले असते, तर ती रक्कम परदेशी देणगी ठरली नसती. अनिवासी भारतीय आणि ओसीआय यांत एवढा फरक आहे, आणि तो बँकेच्या पासबुकात दिसत नाही. पुढे गृह मंत्रालयाकडे तडजोडीचा (दंड भरून प्रकरण मिटवण्याचा) अर्ज, दंड, खुलासे, कागदांची चवड. त्या काळात पुस्तकांचं काम जवळजवळ थांबलं. ज्या मुलीच्या मामांनी मदत केली ती इतकी ओशाळली की तिने गटच सोडला. पैसे गेले त्याहून मला याचं जास्त वाईट वाटलं.

यावर माझी सवय अशी. देणगीच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना असतोच, आणि तो भरल्याशिवाय पावती निघत नाही. पेमेंट गेटवेवर परदेशी कार्डं पहिल्याच दिवशी बंद करून घ्यायची. नातेवाईक, मित्र, कॉलेजचे जुने सर, सगळ्यांना तोच प्रश्न. लोकांना अवघडल्यासारखं होतं, होऊ दे.

"मग एफसीआरए काढून टाकू" असं तरुण मंडळी सहज म्हणतात. ते काढून टाकण्यासारखं काम नाही. नियमित नोंदणीसाठी संस्थेला किमान तीन वर्षं झालेली हवीत आणि मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. नोंदणी मिळाली की पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. नोंदणी पाच वर्षांची, नूतनीकरण वेगळं. दरवर्षी विवरणपत्र, देणगी शून्य असली तरी. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. म्हणजे "ओळखीच्या मोठ्या संस्थेच्या एफसीआरएवर पैसे मागवू, ते आपल्याला देतील" हा मार्ग बंद आहे. तरीही तो सुचवणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

आंतरराष्ट्रीय प्रकल्पांना आणखी एक अट आडवी येते. बाहेरची मूळ संस्था भारतातल्या शाखेला पैसे देणार आणि दोन्हीकडे माणसं तीच, हे चित्र नेहमीचं. पण पूर्वपरवानगी घेताना, घेणाऱ्या संस्थेचा मुख्य पदाधिकारी देणाऱ्या संस्थेत असून चालत नाही, आणि कार्यकारिणीतले किमान ७५ टक्के लोक देणाऱ्या संस्थेचे सभासद किंवा कर्मचारी नसावे लागतात. हे घटना लिहिण्याआधी माहीत असेल तर नावं त्याप्रमाणे ठरवता येतात. नंतर कळलं तर सगळी समिती बदलत बसा.

गरज नसताना स्वतःची संस्था काढणं

डेबियनचं उदाहरण मी प्रत्येकाला देते. जगभर वापरली जाणारी ही मुक्त संगणक प्रणाली हजारो लोकांनी मिळून उभी केली, आणि डेबियनला स्वतःची कायदेशीर संस्थाच नाही. पैसा आणि मालमत्ता सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही अमेरिकी संस्था आणि इतर काही विश्वासू संस्था सांभाळतात. खर्चाला मंजुरी प्रकल्पाचा निवडून आलेला नेता देतो. निर्णय समुदायाचे, दप्तर दुसऱ्याचं. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी, ओपन सोर्स कलेक्टिव्ह या संस्थाही असंच छत्र देतात आणि त्याबद्दल जमा रकमेतून साधारण ५ ते १० टक्के ठेवतात.

"दहा टक्के? एवढे कशाला?" ही प्रतिक्रिया पुण्यात हमखास येते. सीएची फी, ऑडिट, विवरणपत्रं, आणि कोणाची तरी वर्षभराची संध्याकाळ, याची बेरीज एकदा कागदावर करा. लहान प्रकल्पाला हे दहा टक्के स्वस्त पडतात. सर्व्हर बाहेर, डोमेन बाहेर, वार्षिक मेळावा बाहेर, असा बहुतेक खर्च भारताबाहेरच होणार असेल, तर पैसा भारतात आणायचं कारणच उरत नाही. अशा प्रकल्पाने पुण्यात काहीही नोंदवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

छत्र निवडताना मात्र त्या संस्थेची तब्येत बघा. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने २०२४ मध्ये काम बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा तिच्या आश्रयाला असलेल्या गटांना घाईघाईने दुसरं घर शोधावं लागलं. करारात बाहेर पडायचं कलम वाचल्याशिवाय सही करू नका.

सात नावं गोळा करणं

माझी दुसरी दुखती नस. संस्था नोंदणी कायदा, १८६० प्रमाणे सोसायटीला किमान सात जण लागतात. मग काय होतं? दोघं-तिघं खरे काम करणारे, बाकी आतेभाऊ, रूममेट, एखादा उत्साही वर्गमित्र. आधार कार्डाच्या प्रती व्हॉट्सॲपवर मागवायच्या आणि दोन संध्याकाळींत घटना तयार. ती घटनासुद्धा कुठल्या तरी गणेश मंडळाच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या घटनेवरून उतरवलेली.

महाराष्ट्रात सोसायटीची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खालीही होते. म्हणून तुम्हाला 'एफ' ने सुरू होणारा क्रमांक मिळतो, आणि नुसत्या ट्रस्टला 'ई' चा. इथून पुढे विश्वस्त बदलला, कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. हे लोकांना माहीत नसतं, किंवा माहीत असून "पुढच्या वर्षी बघू" होतं.

माझ्या ओळखीच्या एका गटात खजिनदार नोकरीसाठी म्युनिकला गेला, सचिव बंगळुरूला. नवी कार्यकारिणी झूमवर निवडली. टाळ्या झाल्या, पण प्रोसिडिंग बुकात एक ओळ नाही. दोन वर्षांनी परत तसंच. मग एका भारतीय कंपनीची चांगली देणगी आली आणि बँकेत सह्या बदलायची वेळ आली. बँकेने परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा मागितला. उताऱ्यावर नावं मूळ सात जणांचीच. नव्या समितीचा चेंज रिपोर्ट द्यावा, तर मधल्या समितीचा दिलेलाच नाही. मधला द्यावा, तर त्या सभेची नोटीस, पोच, ठराव, राजीनामे, काहीच नाही. एक मागे राहिला की पुढचे सगळे अडकतात. म्युनिकच्या मुलाने राजीनामा स्कॅन करून पाठवला, तो चालला नाही, मूळ प्रत टपालाने मागवावी लागली. तोवर कंपनीचं आर्थिक वर्ष संपलं आणि देणगी दुसरीकडे गेली.

म्हणून मी सांगते: कार्यकारिणीत फक्त अशीच माणसं घ्या जी पुढची काही वर्षं पुण्यात किंवा आसपास राहणार आहेत आणि बोलावल्यावर सहीला येतील. ज्याचा व्हिसा लागायचा आहे त्याला घेऊ नका, तो कितीही हुशार असो. परदेशातले स्वयंसेवक सल्लागार गटात ठेवा, तांत्रिक निर्णय त्यांच्याच हाती राहू द्यात, आणि तसं ठरावात लिहा. कायदेशीर संस्था लहान, कंटाळवाणी आणि पैसा-मालमत्ता सांभाळण्यापुरती असावी. सभा झाली त्याच रात्री प्रोसिडिंग लिहून सह्या घ्यायच्या, आणि त्याच आठवड्यात कागद वकिलाकडे द्यायचे. मी असंच करते आणि इतरांकडूनही करून घेते.

सेक्शन आठ म्हणजे आधुनिक, ट्रस्ट म्हणजे जुनाट

हा समज आयटीतल्या मंडळींचा. कंपनी कायदा, २०१३ ची कलम ८ कंपनी ऑनलाइन होते, दोन संचालकांवर होते, आणि बदल नोंदवणं धर्मादाय कार्यालयापेक्षा सोपं जातं, हे खरं. पण ऑडिट आणि वार्षिक फॉर्म दरवर्षी भरावेच लागतात, उलाढाल शून्य असली तरी. एक तरी संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा हवा. परदेशी संचालक घ्यायचा तर त्याची कागदपत्रं त्याच्या देशात नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून आणावी लागतात, आणि काठमांडूच्या मित्राला घ्यायचं तर त्याआधी सुरक्षा मंजुरी, कारण नेपाळची सीमा आपल्याला लागून आहे. "इतक्या दिवसांत एनजीओ, इतक्या रुपयांत" अशी पॅकेजं विकणारे यातलं काहीच सांगत नाहीत. त्यांचं काम प्रमाणपत्र हातात देईपर्यंतच.

परदेशात नोंदवलं की सुटलो

मुक्त नकाशांची ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन इंग्लंडमध्ये २००६ साली नोंदवलेली हमी-मर्यादित कंपनी (भागधारकांऐवजी सभासदांच्या हमीवर चालणारी) आहे. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची संस्था १९९७ पासून जर्मनीतली नोंदणीकृत संघटना आहे. ब्लेंडर या मुक्त थ्रीडी सॉफ्टवेअरचं फाउंडेशन २००२ साली नेदरलँड्समध्ये स्थापन झालं. हे देश नकाशावर बोट ठेवून निवडलेले नाहीत. तिथे त्यांची माणसं होती, जी बँकेत जाऊ शकत होती आणि करखात्याचं पत्र वाचू शकत होती. बाणेरला बसून अमेरिकेत संस्था काढणाऱ्याला तिथलं वार्षिक विवरणपत्र भरणं चुकत नाही, आणि ते पैसे पुण्यातल्या संस्थेला द्यायचे म्हटलं की एफसीआरए पुन्हा समोर उभा. खऱ्या कामाचं बिल देऊन घेतलेला मोबदला ही देणगी नसते, तो वेगळा विषय. पण देणगीलाच बिलाचा अंगरखा घालू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात.

डोमेन एका विद्यार्थ्याच्या कार्डावर. तो नोकरीला लागला, कार्ड बदललं, डोमेन गेलं. संस्थेच्या किंवा छत्र देणाऱ्या संस्थेच्या नावावर करा, आजच.

प्रकल्पाचं नाव ट्रेडमार्कसाठी एकाने स्वतःच्या नावे नोंदवणं. तो माणूस आज चांगला असला तरी नको.

आयकराची नोंदणी, ज्याला सगळे १२ए-८०जी म्हणतात, ती मिळण्याआधीच "करसवलत मिळेल" असं पत्रकावर छापणं.

यूपीआय स्कॅनर अध्यक्षाच्या खाजगी खात्याचा.

आणि बंद कसं करायचं हे न लिहिणं. सगळे सुरुवातीच्या आनंदात असतात, म्हणून हे कलम कोणी वाचत नाही. सोसायटी विसर्जित करायला तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते आणि उरलेली शिल्लक सभासदांत वाटता येत नाही. सभासद पाच खंडांत पांगल्यावर ती संमती कोण गोळा करणार? शिल्लक, डोमेन, सर्व्हरवरचा डेटा आणि दप्तर कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे जाईल, हे घटनेच्या पहिल्याच मसुद्यात लिहा, आणि त्या कलमावर बाकी कशाहीआधी चर्चा करा.