लाकडी करंडा लेथवर कातताना या चुका टाळा

करंडा कातून झाला, पॉलिश चढलं, आणि पहिल्या पावसात झाकण अडकायला लागलं. सांगली-मिरजेकडे ही तक्रार जून-जुलैत हमखास निघते आणि खापर फुटतं ते दमट हवेवर. पण झाकण आणि डबी एकाच ठोकळ्यातून काढली असतील तर फुगताना दोन्ही जवळपास सारखीच फुगतात. अडकतं ते वेगळ्या कारणाने: गोल राहिलेलं नसतं, लंबगोल झालेलं असतं.

लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. गाभ्याकडून सालीकडे जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट ते वर्षवलयांच्या दिशेने आकसतं. ओल असलेल्या ठोकळ्यात तुम्ही कितीही नेमका गोल कातला तरी पुढच्या महिन्यात तो अंडाकृती होणारच. खात्री करायची तर झाकण पाव फेरा फिरवून बघा. एका जागी सहज बसतं आणि पाव फेरा फिरवलं की आवळतं, म्हणजे लाकूड ओलं होतं. तिथे पॉलिश पेपर घासून उपयोग नाही, उद्या परत हलेल. वाट बघा, आणि भिंतीत जाडी उरली असेल तर पुन्हा चकात (ठोकळा पकडणाऱ्या लेथच्या जबड्यांत) धरून गळा, म्हणजे झाकण जिथे बसतं तो डबीचा काठ, सरळ करा.

यावर उपाय एकच, तो म्हणजे दोन टप्प्यांत कातणे. आधी झाकण आणि डबी वेगळी करून आतून ओबडधोबड पोखरून ठेवायची. 70 मिमी व्यासाच्या करंड्याला भिंत 8 ते 10 मिमी राहू द्या. लाकडाच्या उभ्या रेषा जिथे तुटतात त्या तोंडांना मेण फासा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि सावलीत ठेवा. लवकर वाळावं म्हणून मे महिन्यात गच्चीवर ठेवणारे पुष्कळ असतात. त्यांचे ठोकळे तडकतात. दर आठवड्याला किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करा. ते लागोपाठ काही आठवडे हललं नाही, की मगच शेवटचा हात. दोन्ही तुकड्यांवर पेन्सिलीने एक सलग रेघ मारून ठेवा, म्हणजे रेषा जुळवून बसवता येतील.

ठोकळा निवडताना गाभा आत येऊ देऊ नका. छाटलेली फांदी जशीच्या तशी गोल कातली तर मधूनच चीर जाते. फांदी उभी फाडून गाभा वगळून बाजूचा तुकडा घ्यायचा. बाभूळ जड असते, पण कातल्यावर गुळगुळीत येते. शिसव सुंदर, मात्र तिच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, मास्क लावाच. मिरजेत सतार-तंबोऱ्याला वापरतात ते तूण हलकं आणि मऊ असतं. पटाशीला धार नसेल तर डबीच्या तळाशी धागे उपटून येतात. तसे उपटले तर पेपर घासत बसू नका, धार लावा. उभ्या रेषांचं, म्हणजे रेषा लेथच्या अक्षाच्या दिशेने असलेलं लाकूड आतून मध्यापासून काठाकडे कापायचं असतं, आणि बाहेरून मोठ्या व्यासाकडून लहानाकडे. उलट गेलात की धागे उभे राहिलेच.

आता झाकणाचं बसणं. सर्रास होणारी चूक म्हणजे आधी डबीचा गळा कातून मग झाकणाची खाच (आतली पोकळी, जी गळ्यावर बसते) त्याला जुळवायला जाणे. बाहेरचा व्यास केसभर कमी करणं सोपं, आतला नेमका वाढवणं अवघड. म्हणून खाच आधी. तिच्या कडा समांतर हव्यात, आत निमुळत्या झाल्या की झाकण टोकावरच अडून डुगडुगतं. मग गळा मुद्दाम किंचित निमुळता ठेवा, त्यावर पेन्सिल फिरवा, मशीन थांबवून झाकण दाबून हाताने फिरवा. शिसं जिथे पुसलं जाईल तो खरा व्यास. त्याच मापाने गळा सरळ कापत जा. पहिल्यांदा घट्टच ठेवा, कारण झाकण बसवून, टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूचा) हलका आधार देऊन बाहेरचा आकार एकत्र कातायचा आहे. तो झाला की मग गळा सैल करायचा, तोही पटाशीने. पेपरने घासलं की मऊ वलयं जास्त झिजतात आणि लाकूड तापतं; गरम असताना छान बसलेलं झाकण सकाळी वेगळंच निघतं.

किती सैल? परदेशी व्हिडिओंत झाकण उघडताना 'टप्प' आवाज येतो आणि आपल्याकडचे नवशिके त्यामागे लागतात. दागिन्यांच्या डबीला ते शोभतं. कुंकवाच्या करंड्याला ते भलतंच. हळदीकुंकवाला एका हातात तबक असतं आणि झाकण दुसऱ्या हाताने उचललं जातं. झाकणाबरोबर डबी वर आली आणि मध्येच सुटली, तर कुंकू साडीवर. गळा 4-5 मिमी उंच पुरे. लांब गळ्यात हवा कोंडते आणि झाकण ओढून धरतं. झाकण उचललं की डबी जागेवर राहिली पाहिजे.

तळ फुटणे हीही नेहमीची रड. बाहेरून खोली मोजून, ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून मधोमध भोक पाडून ठेवा, तळ 6-7 मिमी राहील इतकंच. तोडताना तळ बाहेरून किंचित खोलगट ठेवला तर करंडा डगमगत नाही. चकात धरायची खुंटी चकाच्या तळाला टेकू देऊ नका. खुंटीलगतचा खांदा चकाच्या जबड्यांवर बसला पाहिजे, नाहीतर तुकडा हलतो आणि पटाशी अडकते. काढून परत बसवायचा असेल तर कोणता जबडा कुठे होता त्याची खूण करा. चेहऱ्यावर शील्ड हवी, हातमोजे नकोत.

आतून अळशीचं तेल लावू नका. बंद डबीत त्याचा वास महिनोन्महिने राहतो आणि कुंकवाच्या गुठळ्या होतात. चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात पुरे, तोही पूर्ण वाळू द्या. झाकण जरा जास्तच सैल झालं असेल तर तोच चपडा गळ्यावर, एका दिवसाआड एकेक हात देऊन बघा. तरी खुळखुळत असेल तर जुना गळा कापून टाका आणि डबीची उंची थोडी कमी करून नवा काढा.